कवळीताईचा मुका किल्ला

कवळीताईला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, की ती सांगते, "डॉक्टर दात पाडतो, मी दात घडवते." दवाखाना रस्त्याच्या पलीकडे. तिथं डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतो आणि अलीकडच्या इमारतीत पाठवतो. तिथं पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडकीशी ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, वितळलेल्या मेणाचा वास, घासायच्या मोटरची घरघर आणि भुवयांवर बसणारी पांढरी पूड. एकोणीस वर्षं ती त्या खोलीत कवळ्या करते आहे.

तिचं सगळं कसब एका कागदाच्या कपट्यात आहे. कवळी तयार झाली की वरचा जबडा खालच्यावर मिटवायचा, मध्ये निळा कार्बन ठेवायचा आणि दाबायचं. जो दात उंच असेल त्याच्यावर निळा ठिपका उमटतो. तो ठिपका घासायचा. पुन्हा कार्बन, पुन्हा दाब. एक दात केसभर जरी उंच राहिला तरी अख्खी कवळी डुगडुगते आणि म्हातारा माणूस जेवताना ती काढून ताटाशेजारी ठेवतो. "उंच दातावर चिडायचं नाही," ती शेजारच्या टेबलावरच्या बाईला सांगते. "तो बिचारा बसलाच तसा. आपण घासायचा."

हे झालं सोमवार ते शनिवार. रविवारी दुपारी मात्र तिच्या हाताखाली अख्खं जग असतं.

तो एक बैठा खेळ आहे. चार माणसं, एक टेबल, नियमांचं उशीएवढं जाड पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे. तिघं जण तीन पात्रं होतात आणि चौथा होतो सूत्रधार. सूत्रधार सांगतो: समोर जंगल आहे, पाऊस लागलाय, झाडामागे काहीतरी हललं. पात्रं सांगतात आम्ही काय करतो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. अकरा वर्षं कवळीताई सूत्रधार आहे. राजा तीच, राक्षसही तीच, आणि दरवाजात अडवणारा पेंगुळलेला पहारेकरीही तीच. उरलेल्या गुलाबी प्लास्टिकमधून ती राक्षसांच्या बोटभर मूर्ती घडवते, त्यामुळे तिच्या जगातले तमाम राक्षस हिरडीच्या रंगाचे.

राक्षसाचा आवाज मात्र ती असा काढते की खालच्या मजल्यावरचं कुत्रं उत्तर देतं. "अरे क्षुद्र मानवा! तुझी हाडं चघळून..." इथं तिची नजर समोर जाते आणि जीभ अडखळते. "म्हणजे तुमची हो, तुमची हाडं."

कारण समोरचा क्षुद्र मानव म्हणजे तिचा नवरा.

त्यांना सगळे कपाटराव म्हणतात. घरं बदलणाऱ्यांचं सामान वाहायचं, हा त्यांचा धंदा. एका माणसानं पाठीवर कपाट घेऊन चार जिने चढायचं आणि वर पोचल्यावर "कुठं ठेवू?" एवढंच विचारायचं. बोलणं मोजकं. आठवडाभरात घरात दोघांचं जेवढं बोलणं होई, त्याच्या दुप्पट रविवारच्या तीन तासांत होई, आणि तेही "मी तलवार उपसतो" आणि "लागली तुमची, बारा घाव" अशा भाषेत. लोकांची लग्नं गप्पांवर टिकतात, हिचं लढाईवर टिकलं होतं. कपाटराव अर्थातच लढवय्या. दुसरं काही व्हायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

त्यांचा धाकटा भाऊ मांत्रिक. हा परवाना कचेरीत आहे. कुठलाही अर्ज याच्या हातात द्या, तो नामंजूर का होतो हे वाचल्यावाचून सांगेल. आणि त्याच्या मनात आलं तर तोच अर्ज मंजूर कसा होतो हेही सांगेल. त्याचं नाव पडलंय पोटकलम. खेळाचं पुस्तक त्यानं तीनदा वाचलंय, तळटिपांसकट. "वहिनी, पान दोनशे चौदा, चौकटीतला मजकूर," असं तो डोळे मिटून म्हणतो, आणि पान उघडावं तर चौकट तिथंच असते.

तिसऱ्या टायपिस्टबाई. कोर्टात चौतीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झालेल्या, खालच्या मजल्यावरच्या. ते कुत्रं त्यांचंच. त्या वैदू. जखमी झालेल्यावर हात ठेवून मंत्र म्हणायचा आणि जखम बरी करायची. मधूनच डुलकी लागते, पण "बाई, तुमची पाळी" म्हटलं की ताठ बसून विचारतात, "कोण मेलं?"

सुरुवातीला सगळं झकास होतं. या खेळात पात्रं पायरी पायरीनं वाढतात. पहिल्या पायरीवर मांत्रिक म्हणजे निव्वळ काडेपेटी: दिवसातून एक ठिणगी टाकायची आणि उरलेला दिवस दादाच्या ढालीमागे काढायचा. एकदा तर त्याला मांजर चावलं आणि तो मरायला टेकला. कवळीताईला दया आली. तिनं हाताआड फासा टाकून "चुकलं मांजराचं" म्हणून सांगितलं. तेव्हा कपाटराव म्हणाले होते, "अगं, असं लपवून नको. वाचला तर खरा वाचू दे." तेव्हापासून फासे टेबलाच्या मधोमध स्टीलच्या थाळीत पडतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पडलं ते पडलं.

पण लढवय्या वाढतो तो गड्याच्या मजुरीसारखा, आणि मांत्रिक वाढतो व्याजासारखा. अकराव्या पायरीवर कपाटराव एका दमात एकाऐवजी तीन वार करायला लागले. आणि पोटकलम? तो उडायला लागला. भिंतीतून जायला लागला. नदी आली, कपाटरावांनी पेन्सिल घेतली, तराफ्याला किती ओंडके लागतील ते काढायला बसले. पोटकलम म्हणाला, "दादा, कशाला?" आणि सगळे पलीकडे. ओंडके कागदावरच राहिले.

बंद दार आलं. कपाटराव म्हणाले, "मी खांदा लावतो."

"थांब रे दादा, खांद्याला कशाला त्रास?" पोटकलमनं चुटकी वाजवली. दार उघडलं.

गुलाबी राक्षसांची पलटण आली. कपाटरावांनी फासा हातात घेऊन हलवला, फुंकर मारली...

"वहिनी, आगीचा गोळा. वीस फूट त्रिज्या. सगळे आले ना त्यात?"

आले होते. सगळे आले होते. कपाटरावांनी फासा परत खिशात ठेवला.

नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि नाक बिचारं एका शब्दानं बोलत नव्हतं. मग कवळीताईनं आपली विद्या काढली. उंच दात सापडलाय ना? घासायचा.

पहिल्यांदा तिनं मंत्रांची संख्या कमी केली. दिवसाला फक्त चार. पोटकलमनं खेळातल्या सकाळी सव्वानऊला एका लढाईत चारही उडवले आणि जांभई देऊन म्हणाला, "आता आपण झोपू या."

"भाऊजी, आत्ता तर उठलात!"

"पुस्तकात झोप झाली की मंत्र परत, असं म्हटलंय वहिनी, रात्र कुठं म्हटलंय?"

मग तिनं प्रत्येक मंत्राला साहित्य सक्तीचं केलं. वटवाघळाची विष्ठा, कोळ्याचं जाळं, चांदीचा भुगा. नसेल तर मंत्र नाही. पुढच्या रविवारी पोटकलम यादी घेऊन हजर, टायपिस्टबाईंकडून तीन प्रतींत टाइप केलेली. "समास सोडलाय डावीकडे," बाई कौतुकानं म्हणाल्या. "शेरा मारायला."

मग तिनं कपाटरावांना जादूची तलवार दिली. ते पाच मिनिटं इतके खूश होते की तिला वाटलं, जमलं. सहाव्या मिनिटाला पोटकलमला मंत्र सापडला, ज्यानं तलवार आपली आपणच हवेत लढते. "दादा, तू बस. तुझी तलवार बघून घेईल."

शेवटी तिनं दिराला स्वयंपाकघरात गाठलं. "भाऊजी, जरा दमानं घ्याल का? यांना काही करायलाच उरत नाही."

पोटकलमचा चेहरा पडला. तो दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं. "वहिनी, मी दादालाच तर वाचवतो! लहानपणी मला कुणी मारलं की तो मध्ये पडायचा. आता मी पडतो." डोळ्यांत पाणी. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कुणी कुणाला?

त्या रविवारी त्यानं वहिनीचं ऐकलं, आणि ते तर सगळ्यात वाईट झालं. "दादा, तू मार ना. आम्ही थांबलोय. हां, मार! वा! वा दादा!" लहान मुलाला पत्त्यात जिंकू देतात तसं. टायपिस्टबाईंनी तर टाळ्या वाजवल्या. कपाटरावांनी मान खाली घालून राक्षस मारला.

गुरुवारी संध्याकाळी भांडी विसळताना ते म्हणाले, "येत्या रविवारपासून मी नाही बसलो तर चालेल ना?"

कवळीताईनं पेला खाली ठेवला. "का हो?"

"तसं काही नाही. तुमचं काही अडत नाही माझ्यावाचून."

"अहो, खेळच तुमच्यासाठी..."

"अगं, रागावलो नाही मी," ते म्हणाले, आणि ते खरंच रागावलेले नव्हते. चौथ्या मजल्यावर कपाट ठेवून "निघू मग?" म्हणतात, त्याच आवाजात म्हणत होते.

"एक रविवार," ती म्हणाली. "हा एकच बसा. मग तुमची मर्जी."

"बरं."

शुक्रवार, शनिवार तिनं कवळ्यांत लक्ष दिलंच नाही. एका जबड्याला तेरा दात बसवले, शेजारच्या टेबलावरची बोलली म्हणून कळलं. तिच्या डोक्यात किल्ला उभा राहत होता. मुका किल्ला. एका शापामुळे त्याच्या भिंतींच्या आत कुठलाही मंत्र चालत नाही. ठिणगी नाही, उड्डाण नाही, चुटकी नाही. आत आहे तो दगड, लोखंड, जड दारं, आणि मधोमध पहारा देणारा वीतभर उंचीचा गुलाबी दैत्य. दात घासून भागत नव्हतं ना? तिनं दातच काढून टाकला.

रविवारी पोटकलमनं किल्ल्याचा उंबरा ओलांडला आणि सवयीनं चुटकी वाजवली.

"काही होत नाही," कवळीताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही होत नाही. इथं मंत्र मुका आहे."

"कुठल्या पानावर?"

"माझ्या," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा पोटकलमला पोटकलम सापडलं नाही.

समोर दगडी दार होतं, बिजागरीतून निखळून जिन्यात आडवं अडकलेलं. पोटकलमनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. टायपिस्टबाईंनीही ठेवले. मग कपाटराव हळूच पुढे सरकले.

"किती रुंद आहे जिना?"

"चार फूट."

"दार?"

"साडेचार. आणि सहा फूट उंच."

"मग ते आडवं नाही निघणार. उभं करायचं, एक कोपरा खाली टेकवायचा, त्याच्यावर फिरवायचं." ते उठून उभेच राहिले. टेबल म्हणजे दार, खुर्ची म्हणजे जिना. "भाऊ, तू वर. बाई, तुम्ही खाली नका थांबू, दार सुटलं तर चपटे व्हाल. 'हां' म्हटलं की सोडायचं, 'हं' म्हटलं की धरायचं. चुकलं तर बोटं जातात." ते बोलतच होते. सोमवार ते शनिवार न बोललेलं सगळं बोलत होते. मांत्रिक आणि वैदू मुकाट्यानं "हां" आणि "हं" ऐकत होते. दार उतरलं. तिनं फासा टाकायलाही सांगितलं नाही. एवढं ज्याला माहीत आहे, त्याला फाशानं काय विचारायचं?

कपाटरावांच्या कपाळावर खरा घाम होता. ते तिच्याकडे बघून हसले. अकरा वर्षांत तिनं किती राजे उभे केले होते, पण तिला एवढं श्रीमंत कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या दालनात दैत्य उभा होता.

"मागं व्हा," कपाटराव दोघांना म्हणाले, आणि पोटकलम खरोखर खुर्ची घेऊन मागं सरकला, पहिल्या पायरीवर सरकायचा तसा. तीन वार. दैत्याचा सोटा. तीन वार. पुन्हा सोटा. थाळीत फासे खणखणत होते, आणि दादाच्या प्रत्येक वाराला पोटकलम स्वतःच्या मांडीवर थाप मारत होता, अगदी मनापासून. शेवटच्या वाराला दैत्य कोसळला आणि कोसळता कोसळता त्यानं सोटा फिरवला. नियमाप्रमाणे त्याला तो हक्क होता. कवळीताईनं फासा टाकला.

वीस.

याहून जबर घाव फाशात नव्हता. तिचा हात थाळीवर गेला आणि तिथंच थांबला, कारण सगळ्यांनी पाहिलं होतं.

"पडलो मी," कपाटराव म्हणाले. "श्वास चालू आहे."

"मी आहे ना!" टायपिस्टबाई ताठ बसल्या. "हात ठेवते. मंत्र म्हणते."

आणि तेव्हा कवळीताईला कळलं आपण काय करून ठेवलंय. आठवडाभर तिनं फक्त दिराच्या मंत्रांचा विचार केला होता. वैदूचाही मंत्रच. शापाला धाकटा भाऊ आणि म्हातारी बाई यांतला फरक कळत नव्हता.

"चालत नाही, बाई," ती म्हणाली.

"मग काढा! माझ्या पिशवीत काढा आहे."

"मंत्रानं उकळलेला ना हो तो? पाणी झालंय त्याचं."

"अगं, मग चिंध्या बांधते!"

"बांधा." बाईंनी फासा टाकला. तीन पडले. चिंध्या सुटल्या.

मरणाच्या दारातल्या पात्राला स्वतःचे फासे स्वतः टाकावे लागतात. तीन पडले चांगले तर जगला, तीन वाईट तर गेला. कपाटरावांनी टाकला: वाईट. चांगला. वाईट. चौथा टाकण्याआधी त्यांनी फुंकर मारली.

वाईट.

"गेला," ते म्हणाले. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, तेच तर वाईट होतं. छान जेवण झाल्यावर माणूस मागं टेकतो तसे ते टेकले होते.

पोटकलम मात्र उठला होता. "उचलतो मी दादाला. बाहेर नेतो." मांत्रिकाच्या अंगात बळ किती, तर चिमणीएवढं. प्रत्येक दहा पावलांना फासा. "पडला... पुन्हा उचलतो. बाई, पाय धरा. 'हां' म्हणेन तेव्हा." अर्धा तास तो दादाला ओढत होता, नाक ओढत, एकही पान न सांगता. उंबरा ओलांडला तेव्हा तो खरोखर धापा टाकत होता.

आणि मग त्यानं मान वर केली. "वहिनी. बाहेर आलो ना?"

"आलात."

"मग मंत्र चालतो!" तो टुणकन सरळ झाला. "पुनर्जीवन! हिरा लागतो, हिरा आहे, यादीत आहे. बाई, दुसरी प्रत बघा."

"ओळ सतरा," बाई म्हणाल्या.

कवळीताईच्या छातीवरचं जातं उतरलं. चला. दाराचं वैभवही झालं, लढाई झाली, मरणही झालं, आणि आता परत. तिनं घाईघाईनं पुस्तक उघडून मंत्र वाचायला घेतला, आणि तिसऱ्या ओळीवर थबकली. आत्मा परत यायला राजी असला पाहिजे, असं तिथं होतं. आजवर कुणाला विचारायची वेळच आली नव्हती. कोण नाही म्हणतं?

"अहो," ती म्हणाली, "तुमचा आत्मा परत यायला राजी आहे का?"

कपाटरावांनी विचार केला. घाई केली नाही. "नाही," ते म्हणाले.

"अरे दादा!"

"चांगला गेला रे तो. एवढं दार उतरवून गेला. आता परत येऊन काय करायचं? पुन्हा तुझ्या मागं मागं?"

"मी मागं राहीन! वहिनीची शपथ!"

"राहशील, माहीत आहे," कपाटराव प्रेमानं म्हणाले. "मागं राहून टाळ्या वाजवशील."

"मग नवं पात्र घे! मांत्रिक घे! मी शिकवतो तुला, एका महिन्यात तयार करतो!"

कपाटराव हसले, भावाच्या डोक्यावर एक टपली मारली आणि उठले. "तुम्ही खेळा. मी जरा पाय मोकळे करून येतो."

कवळीताईच्या हातात पाऊस होता, नद्या होत्या, सात राज्यं होती. ती म्हणाली असती तर त्या क्षणी सूर्य पश्चिमेला उगवला असता. पण सूत्रधारानं सगळं ठरवावं, फक्त दुसऱ्याच्या पात्राच्या मनात काय आहे ते ठरवू नये; एवढा एकच नियम त्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलाय. "अहो, जाकीट घ्या," ती म्हणाली. तेवढंच सुचलं. दार लागलं, जिन्यात पावलं उतरत गेली.

पोटकलम पानं उलटत होता. भराभरा, मग सावकाश. मग थांबला.

"वहिनी, इथं आणखी एक मंत्र आहे. यात आत्म्याला विचारावं लागत नाही." त्यानं ओळीवर बोट ठेवलं. "फक्त शरीर उठतं. बोलत नाही, आपलं आपण काही ठरवत नाही. पण सांगितलेलं करतं. दादा आपल्याबरोबर तरी राहील. दारंबिरं ढकलायला."

तिनं पुस्तक ओढून घेतलं. मंत्र वाचला. तळटीप वाचली. मागची पुढची दोन पानं वाचली; कुठंतरी एक पोटकलम असेल, नातेवाईक असल्यास चालणार नाही, बायको बघत असल्यास चालणार नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"बसतं का नियमात?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"बसतं," कवळीताई म्हणाली.

पोटकलमनं चुटकी वाजवली, अगदी हळू, झोपलेल्याला उठवू नये अशी. "दादा, चल," तो म्हणाला. मग त्याची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली आणि तिथून तिच्याकडे. "वहिनी, याचे फासे आता कुणी टाकायचे?"

"सूत्रधारानं," ती म्हणाली, कारण तेही पुस्तकात होतं, आणि तिनं फासा उचलून थाळीत टाकला.